घरातला उद्योग आणि नगररचना: आर-१ मध्ये नेमकं काय चालतं? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ
चटणीचा हंगाम जवळ आला की हा प्रश्न दरवर्षी फिरतो, म्हणून सगळं एका धाग्यात आणूया. समजा पेठेतलं जुनं घर, समोर अरुंद गल्ली, तळमजल्याची पुढची खोली मोकळी. तिथं कांदा-लसूण चटणी करून विकायची. मिरची दळायला २ एचपीचा पल्व्हरायझर, मदतीला पगारी दोघीजणी, दारावर बोर्ड. यातलं नगररचनेला काय चालतं, काय चालत नाही, आणि सुरुवात कुठून करायची?

माझं मत आधीच मांडतो. लोक पहिल्यांदा उद्यम नोंदणी काढतात, मग अन्न नोंदणी, मग मशीन आणतात. नगररचना विभागाची आठवण होते ती शेजाऱ्याचा तक्रार अर्ज गेल्यावर. हा क्रम बरोबर उलटा पाहिजे. मशीन परत घेत नाही कोणी.

नकाशावाला
पहिलं काम झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते त्याचा) आणि भाग नकाशा. सिटी सर्व्हे नंबर असेल तर प्रॉपर्टी कार्ड जोडा, नसेल तर रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) आणि सात-बारा. अर्जात वॉर्ड लिहायला विसरू नका. ए, बी, सी, डी, ई या पाचही वॉर्डांत सिटी सर्व्हे नंबर आपापले आहेत, नुसत्या नंबरावरून भलताच प्लॉट निघतो.

दाखल्यात 'रहिवास विभाग' एवढंच आलं म्हणून थांबू नका. आर-१ (मुख्यतः राहण्याचा विभाग) की आर-२ (दुकानं वगैरेला जास्त मोकळीक असलेला रहिवास विभाग) हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि दाटीवाटीच्या भागाला व त्याबाहेरच्या भागाला वेगळी रुंदी धरतात. अस्तित्वातली रुंदी आणि विकास आराखड्यात प्रस्तावित रुंदी, दोन्ही भाग नकाशावर बघा. गल्ली आज १५ फुटांची असली तरी आराखड्यात तिला रुंदीकरणाची रेषा असू शकते. मग विभाग बदलतो, पण तुमच्या पुढच्या खोलीतली काही जागा रस्त्यातही जाते. हे दोन्ही एकाच नकाशात दिसतं.

बिंदूचौक_७
नियम कुठला लागू? महापालिकेची जुनी नियमावली की नवीन?

नकाशावाला
डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे सगळे यूडीसीपीआर म्हणतात ती. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून राज्याला तीच. जुन्या नियमावलीच्या झेरॉक्स अजून फिरतायत, त्यावर विसंबू नका.

पेठकरीण
त्यातली घरगुती व्यवसायाची व्याख्या सगळ्यांनी एकदा नीट वाचावी. मी सुटं करून लिहिते.

काम करणारा माणूस त्याच घरात राहणाऱ्या कुटुंबातला पाहिजे, मजूर लावायचा नाही. घर सोडून आणखी काही चालतंय असं बाहेरून दिसता कामा नये. तिथं तयार झालेली वस्तूच विकायची, बाहेरून आणून नाही. धोकादायक नको, इमारतीतल्या आणि शेजारच्या माणसांना त्रास नको. घरात एरवी वापरतात तसलीच उपकरणं. मोटर असेल तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या आत. आणि लोकांना बसवून खायला-प्यायला देण्याचा धंदा यात येतच नाही.

म्हणजे रंकाळाकाठ यांच्या प्रश्नात पल्व्हरायझर, पगारी माणसं आणि बोर्ड, तिन्ही बाहेर. चटणी मात्र आत.

तांबडा_पांढरा
म्हणजे डबे द्यायचे की नाही?

पेठकरीण
डबे करून पोचवणं वेगळं आणि खानावळ वेगळी. घरात टेबल-बाक मांडून पोरं जेवायला बसवली की ते खाण्याचं ठिकाण झालं. राजारामपुरीच्या गल्ल्यांत आणि विद्यापीठाच्या बाजूला जिथं जिथं तक्रारी होतात, तिथं मूळ कारण बसायची सोय, त्यातून होणारी गाड्यांची गर्दी आणि खरकटं पाणी हेच असतं.

गॅस सिलिंडरचंही बघा. विक्रीच्या स्वयंपाकाला १४.२ किलोची घरगुती टाकी चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक लागते. विनापरवाना साठा एकूण १०० किलोपर्यंतच, म्हणजे भरलेल्या पाच टाक्या ठेवल्या की काठावर आलात. घरगुती टाकी शेजारी असेल तर तीही त्यात मोजतात.

कांडपवाला
मिरचीच्या मशीनबद्दल सांगतो, कारण बहुतेक भांडणं इथंच होतात.

कांडप आणि पल्व्हरायझर या दोन वेगळ्या डोकेदुख्या आहेत. कांडपात मुसळ खलात आपटतं, त्याचा हादरा जमिनीतून जातो. पेठेत घरांना सामाईक भिंती, त्यातल्या कितीतरी मातीच्या. मशीन भिंतीला चिकटून बसवलं की पलीकडच्या घरात फळीवरची भांडी वाजतात, प्लॅस्टरला तडे जातात. मशीनचा काँक्रीटचा पाया फरशीपासून आणि भिंतीपासून सुटा पाहिजे, मधल्या फटीत वाळू किंवा रबर, आणि मशीनखाली रबरी पॅड. नुसते पॅड फरशीवर ठेवले तर मशीन सरकतं आणि पट्टा उतरतो.

पल्व्हरायझरला हादरा कमी, पण आवाज कर्कश आणि धूळ बारीक. मिरचीचा ठसका गल्लीभर जातो तो यातूनच. कापडी पिशवीतून हवा सुटते, ती पिशवी भरली की झिरपणं थांबतं आणि झाकणाच्या फटीतून पूड उडते. पिशवी दर घाण्याला झटका, झाकणाला फेल्टची पट्टी लावा. खिडकीत एक्झॉस्ट फॅन बसवणं हा उपाय नव्हे, तो ठसका शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडतो.

दोन खलांचं कांडप साधारण २ ते ३ एचपीला चालतं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा ०.७५ किलोवॅटमध्ये फक्त घरघंटी बसते, तीही काठावर.

शिलाईमशीन
भार 'एकूण' मोजायचा आहे, एका मशीनचा नाही, हे कोणी सांगत नाही. जुकीच्या (कारखान्यात वापरतात त्या शिलाई मशीनच्या) सर्व्हो मोटरवर बहुधा ५५० वॅट लिहिलेलं असतं. एक बसली, दुसरी आणली की ११०० झाले. साधं घरगुती पायमशीन आणि त्याला छोटी मोटर असेल तर तीन-चार सहज बसतात. ओव्हरलॉकची मोटरही धरा.

बिंदूचौक_७
आणि ओव्हन? केक करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. साधा ओटीजी दीड-दोन किलोवॅट खातो. त्याला मोटर नाही. मग तो मोजायचा?

नकाशावाला
वाक्य 'मोटरशक्ती वापरली तर' असं सुरू होतं. मोटरच नसेल तर ती अट लागू होऊ नये, असं माझं वाचन. ओटीजी घरगुती उपकरणात बसतो. बेकरीचा डेक ओव्हन बसत नाही, मोटर असो वा नसो.

पेठकरीण
मला हे इतकं सरळ वाटत नाही. वाक्याचा शेवट 'एकूण विद्युत भार' असा आहे. केकवालीकडं प्लॅनेटरी मिक्सर असतोच, म्हणजे मोटर आली, आणि मग एकूण भारात ओव्हनही धरणारा अधिकारी भेटू शकतो. लेखी विचारून घ्यावं. तोंडी उत्तर तपासणीच्या दिवशी कामाला येत नाही.

नकाशावाला
लेखी विचारावं हे मान्य.

मीटररीडिंग
विजेची बाजू वेगळी आहे, तिची सरमिसळ करू नका. नगररचनेची मर्यादा भाराची, वीज दराची मर्यादा युनिटची.

घरातल्या काही भागात व्यवसाय चालत असेल तरी घरगुती दर लागू राहतो, पण वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटपर्यंत असला तरच. वर्षअखेरीला हिशोब बघतात, ओलांडला तर कळवून पुढं दुसरा दर लावतात. घरघंटी रोज ४ तास, महिन्याला २५ दिवस: ०.७५ × ४ × २५ म्हणजे ७५ युनिट. घरचे शंभर-सव्वाशे धरले तरी आत. २ एचपी रोज ६ तास चालवली तर तिचेच सव्वादोनशे, घरचे मिळवले की तीनशेपार.

मसाला गिरणी, पीठ गिरणी यांना लघुदाब औद्योगिक दर आहे. घरगुती मीटरवर गिरणी सापडली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं: लागू दराच्या दुप्पट आकारणी, आणि कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. मशीन घेण्याआधी वेगळं मीटर मागा. फक्त एक लक्षात ठेवा, औद्योगिक मीटर मिळालं म्हणजे जागेचा वापर मंजूर झाला असं होत नाही.

फाळाभरला
घरफाळ्याचंही तेच! व्यावसायिक दरानं घरफाळा लावला की लोकांना वाटतं महापालिकेनं मान्यता दिली. घरफाळा विभाग आज जागेचा वापर काय आहे त्यावर आकारणी करतो. तो वापर कायदेशीर की बेकायदा हे ठरवणं त्याचं काम नाही. बिल पुरावा म्हणून जोडून 'इतकी वर्षं चालू आहे' म्हणणारे स्वतःच वापर बदलल्याची कबुली देतात.

उचगावकर
शहराबाहेरचं कोणी बोलेना म्हणून लिहितोय. हद्दवाढ व्हायची तेव्हा होईल, पण २०१७ पासून भोवतालच्या ४२ गावांना कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आहे. तिथं ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घेऊन शेड उभी करायचे दिवस गेले. गुंठेवारीतल्या प्लॉटवर तर आधी प्लॉट नियमित झालाय का बघा. नियमितीकरणाची मुदत आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला आहे. प्लॉटच अनियमित असेल तर वापराचा अर्ज पुढं सरकत नाही.

आणि घर नियमित झालं म्हणून मागं पत्रा टाकून लेथ बसवता येत नाही. सामासिक अंतरात (घराभोवती मोकळं सोडायच्या जागेत) पत्रा म्हणजे वेगळं बांधकाम. उद्यमनगरात जागा परवडत नाही म्हणून लोक हे करतात, ते समजतं. पण लेथ ही घरगुती व्यवसायात कुठूनही बसत नाही, भारानं नाही, आवाजानं नाही.

साजकाम
मग कोल्हापूरचं निम्मं हस्तकाम बेकायदा म्हणायचं काय? साज घडवणारा कारागीर हाताखाली एक-दोघं ठेवतोच. हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं, एका घरात ओतकाम, दुसऱ्यात जोडकाम, तिसऱ्यात पॉलिश. सुभाषनगर, जवाहरनगरात चप्पल अशीच फिरते, एक तळवा कापतो, दुसरा वेणी घालतो, तिसरा शिवतो. 'कुटुंबातलीच माणसं' ही अट टाकणाऱ्यानं कारागिरांची गल्ली बघितलेली नाही. मला याचा मनापासून राग आहे.

कातडीकाम
साज भाऊ, राग बरोबर हाय, पण एक सांगतो. घरोघरी काम वाटून करायची जी पद्धत तुम्ही सांगितलीसा, तीच नियमात बसती. जो तो आपल्या घरात, आपल्या माणसांबरोबर. अडचण कुठं होती, तर एका घरात दहा कारागीर बसवले की. कोल्हापुरी चप्पल चामड्याच्या वादीनं हातानं शिवत्यात, खिळा नाही, मोटर नाही. ०.७५ चा प्रश्नच येत नाही.

त्रास होतो तो दोन गोष्टींचा. एक, चामडं भिजवायचं पाणी गटारीत सोडणं. दुसरं, स्वस्त मालाला चिकटवायचं सोल्यूशन. ते पेट घेतं, डबा उघडा राहिला की वासानं डोकं धरतं. रोजच्यापुरतं छोट्या डब्यात काढायचं, मोठा डबा झोपायच्या खोलीत आणि चुलीजवळ ठेवायचा नाही. आग लागली तर 'धोकादायक नको' ही अट पहिल्यांदा पुढं येती.

आणि २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची अधिकृत वापरकर्ता नोंदणी म्हणजे जागेची परवानगी नव्हे, हेही लोकांना सांगा.

पेठकरीण
साजकाम, त्या व्याख्येतच एक दार उघडं आहे आणि त्याकडं कोणाचं लक्ष नाही. 'अशाच स्वरूपाचे इतर व्यवसाय' प्राधिकाऱ्याला अटी घालून ठरवता येतात. एकेका कारागिरानं जाऊन सवलत मागण्यापेक्षा संघटनेनं यादी करून सर्वसाधारण आदेश मागावा. यादीत प्रत्येक कामाला कोणतं हत्यार, किती वॅट, किती माणसं, किती ते किती वाजेपर्यंत, सांडपाणी आणि कचरा कुठं, हे लिहावं. तेजाब लागणारी कामं त्यात घालू नका. ती घातली की सगळी यादी अडकेल. चांदी गाळणं आणि तेजाबानं साफ करणं वेगळ्या जागेतच पाहिजे, त्याची वाफ लहान मुलांच्या छातीत जाते.

मजुराची अट मात्र नियमावलीतच आहे. ती बदलायची तर राज्य शासनानं एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम) कलम ३७ खाली फेरबदल केला पाहिजे. एकट्या महापालिकेच्या ठरावानं होणार नाही.

बचतगट_ताई
आमच्यासारख्यांचं काय? गटातल्या दहाजणी एकीच्या घरी बसून पापड-शेवया करतात. पगार कोणालाच नाही, नफा वाटून घेतात.

पेठकरीण
ताई, त्या मजूर नाहीत हे खरं, पण त्या घरात राहणाऱ्याही नाहीत. काटेकोर वाचलं तर बसत नाही. लाटणं आपापल्या घरी, आणि वजन, पॅकिंग, विक्री आर-२ मधल्या किंवा दुकानाची परवानगी असलेल्या एका गाळ्यात, असं करा. अन्न नोंदणी मात्र प्रत्येक तयार करण्याच्या जागेची लागते, ती गटाच्या एका पत्त्यावर काढून चालत नाही.

दुधाळी_पूर
कोणी पूररेषा काढली नाही अजून. झोन दाखल्याबरोबर निळी आणि लाल रेषा बघितल्याशिवाय तळमजल्यावर एक खिळा ठोकू नका. नदी ते निळी रेषा प्रतिबंधित क्षेत्र. निळी ते लाल नियंत्रित, तिथं नवीन बांधकामाची पातळी लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर पाहिजे. जुन्या घराची पुढची खोली त्याखालीच असते. दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला बघितलंय सगळ्यांनी. गणपतीच्या मूर्तींचा हंगाम आणि पंचगंगेचं पाणी एकाच महिन्यात येतं.

उद्योग आधीच चालू असेल तर: विजेचा बोर्ड आणि मेन स्विच छातीच्या वर घ्या, मोटर बोल्ट सोडून दोघांना उचलता येईल अशी बसवा, कच्चा माल माडीवर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. ४३ ची वाट बघत बसलं तर हलवायला टेम्पो मिळत नाही. ३९ ला माल वर गेलेला पाहिजे.

फाळाभरला
नोटीस आली तर काय करायचं हे लिहा कोणीतरी. लोक घाबरून नुसतं साहेबांना भेटून येतात.

नकाशावाला
नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे ते पहिल्यांदा बघा. एमआरटीपी १९६६ चं कलम ५३ असेल तर नगररचना. महापालिका अधिनियमाचं ३७६ असेल तर परवाना विभाग, म्हणजे परवान्याशिवाय धंदा. दोघांना एकच उत्तर चालत नाही.

कलम ५३ च्या नोटिशीत दिलेल्या मुदतीतच, वापर चालू ठेवू द्यावा म्हणून कलम ४४ खाली अर्ज करता येतो. तो निकाली निघेपर्यंत नोटिशीचा अंमल थांबतो. मुदत उलटली की हा मार्ग बंद. पण अर्ज नियमात बसणारा हवा: मोटर काढली, माणसं कमी केली, बोर्ड उतरवला, असं आधी करा, फोटो जोडा, मग अर्ज. नियमाबाहेरचा वापर तसाच ठेवून केलेला अर्ज नामंजूर होतो आणि मधला वेळ तेवढा जातो. नामंजुरीवर कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडं अपील.

साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर मानीव परवानगी, हेही खरं. पण प्रस्ताव आराखडा आणि नियमावलीशी जुळणारा असेल तरच. नियमात न बसणाऱ्या वापराला मानीव परवानगी मिळत नाही.

बिंदूचौक_७
शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या तर?

नकाशावाला
संमती म्हणून चांगल्या, परवानगी म्हणून शून्य. घर विकलं गेलं की नवा शेजारी त्या सह्यांना बांधील नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी मान्यता वेगळी लागते.

कांडपवाला
आवाजाचं राहिलं. रहिवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० ला ५५ डेसिबल, रात्री ४५. फोनवरच्या अ‍ॅपचं मोजमाप ग्राह्य धरत नाहीत, पण घरच्या घरी अंदाजाला पुरतं. मोजायचं ते शेजाऱ्याच्या दारात, मशीनजवळ नाही.

आणि मूळ प्रश्नाला माझं उत्तर: पल्व्हरायझर घेऊच नका. मिरची वाळवणं, देठ खुडणं, मसाला भाजणं, कांदा-लसूण परतणं घरात करा, आणि कांडायला डंकावर (कांडप गिरणीत) घेऊन जा. पिढ्यानपिढ्या पेठेत हेच चालत आलंय. कांडून आलेला मसाला पूर्ण गार झाल्यावरच ओलं वाटण मिसळा. गरमात मिसळलं की आतून वाफ धरते आणि पंधरवड्यात बुरशी येते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी हात राखून.

तांबडा_पांढरा
धागा नगररचनेचा आणि तोंडाला पाणी सुटलंय. नाद खुळा.

रंकाळाकाठ
कांडपवाला यांचं पटलं. मग असं ठरतं: मशीन नाही, कुटुंबातलीच माणसं, बोर्ड नाही, कांडप बाहेर. डबीच्या लेबलवर घरचा पत्ता तर छापावाच लागतो. तो 'बाहेरून दिसणं' धरतील का?

पेठकरीण
नाही. अट इमारतीच्या बाहेरच्या दर्शनी भागाची आहे. लेबलवर उत्पादकाचा पत्ता आणि अन्न नोंदणी क्रमांक सक्तीचाच आहे. दारात मात्र 'येथे चटणी मिळेल' असं खडूनंसुद्धा लिहू नका. मोबाइलवरच्या नकाशात दुकान म्हणून जागा टाकू नका, गिऱ्हाईक दारात गाड्या लावायला लागतं आणि तक्रार तिथून सुरू होते.

नकाशावाला
आणि वर म्हटल्याप्रमाणे लेखी विचारून ठेवा. साध्या कागदावर: सि.स.नं., वॉर्ड, खोलीचं माप, काम करणाऱ्यांची नावं आणि घराशी नातं, प्रत्येक उपकरणाचे वॅट, कामाची वेळ, कांडप बाहेर होणार हे वाक्य. सोबत झोन दाखला, भाग नकाशा, मंजूर नकाशाची प्रत किंवा जुन्या घराला प्रॉपर्टी कार्ड, रेशन कार्ड. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, अर्जावरची टिपणी मागा.